जिनिव्हाच्या बातमीदाराचे शुद्धिपत्र

दर शुक्रवारी ‘सीनातीर’ साप्ताहिकाच्या दुसऱ्या पानावर ‘आमच्या जिनिव्हाच्या बातमीदाराकडून’ अशा मथळ्याचे एक लांबलचक पत्र छापून येई. त्याच शुक्रवारी सकाळी तो जिनिव्हाचा बातमीदार सोलापूरच्या मंगळवार पेठेत, काखेत पिशवी मारून, मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना दिसे. गावातले लोक मोठे सभ्य. कुणी त्याला उघडे पाडले नाही. ‘‘काय मास्तर, जिनिव्हाचं पत्र आलं का?’’ एवढेच विचारीत. मास्तरही तितक्याच गंभीरपणे सांगत, ‘‘आलंय. बोटीला जरा उशीर झाला होता.’’

या मास्तरांचे नाव भीमाशंकर हत्तरकी. एका शाळेत भूगोल शिकवीत. अंगाने काडी, नाकावर चष्मा, आणि आयुष्यात केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडातून पुणे. तेही वऱ्हाड दुसऱ्याच्या लग्नाचे.

भीमाशंकर परदेशी कसा गेला, ती हकीकत अशी. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर लष्कराच्या हाती गेले. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की माणूस आत. एका दुपारी एका अनवाणी गिरणीकामगाराला शिपायांनी रस्त्याच्या मधोमध उभे केले आणि स्वतःच्या हाताने टोपी काढून गटारात टाकायला लावली. ते भीमाशंकरने खिडकीच्या फटीतून पाहिले. तो बाहेर गेला नाही. खिडकी मात्र त्याने हळूच, आवाज होणार नाही अशी लावून घेतली. हे तो कुणाला सांगत नसे. बायकोला एकदा सांगितले, तेवढेच.

लष्कर गेले तरी धाक राहिलाच. ‘सीनातीर’चे मालक, संपादक आणि व्यवस्थापक शिवशरण. तिन्ही एकच गृहस्थ, आणि तिघेही घाबरलेले. छापखान्याला कुलूप लागेल म्हणून गावातली एक ओळ छापायची त्यांची छाती होईना. अंकाची चार पाने भरायची तर होती. त्यांनी भीमाशंकरला बाळीवेशीतल्या छापखान्यात बोलावून घेतले.

‘‘मास्तर, तुम्ही भूगोलवाले. काहीतरी लांबचं लिहा.’’

‘‘किती लांबचं?’’

‘‘जिथलं वाचून आपला कलेक्टर रागावणार नाही इतकं लांबचं!’’

भीमाशंकरने नकाशा उघडला आणि जिनिव्हावर बोट ठेवले. तिथे राष्ट्रसंघ होता. साऱ्या जगाची भांडणे तिथे तोंडाने मिटवतात म्हणे. खिडकीच्या फटीतून बघणाऱ्या माणसाला ते गाव फार आवडले.

पत्र लिहायची त्याची एक पद्धत होती. गिरणीतला गोरा विव्हिंग मास्तर सात रस्त्याकडच्या बंगल्यात राही. त्याला लंडनहून एक साप्ताहिक येई. ते साहेबाचे वाचून झाले की हेडक्लार्ककडे, आणि हेडक्लार्कची विडी ओढून झाली की भीमाशंकरकडे. येईस्तोवर बातमीला महिना उलटून गेलेला. शिवाय साहेबाला शब्दकोड्यांचा नाद. कोडे तो कात्रीने कापून घेई, म्हणजे पानाला चौकोनी भोक, आणि कोड्याच्या पाठीमागे जे काही छापलेले असेल ते साहेबाच्या खिशात. कधी एखाद्या परराष्ट्रमंत्र्याचे भाषण ‘म्हणून आमच्या सरकारने ठरविले आहे की’ इथवर येऊन भोकात पडे. सरकारने काय ठरविले ते मग भीमाशंकर ठरवी.

लिहायला तो सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसे. त्यामुळे जिनिव्हाच्या तळ्यावर नेहमी पाकोळ्या असत, आणि एका पत्रात तर काठावर बायका धुणे आपटीत होत्या. वाचकांना ते वर्णन विशेष आवडले. ‘‘तिकडंबी हितल्यासारखंच हाय की,’’ म्हणून लोक खूष झाले.

अशी पाच वर्षे गेली. मांचुरिया झाले, जर्मनी झाले. पत्राबद्दल शिवशरण काही देत नसत. चहा देत, आणि ‘‘तुमचं पुस्तक काढू की एकदा,’’ असे दर दिवाळीला म्हणत. भीमाशंकर मात्र हळूहळू जिनिव्हाचाच होऊन बसला. भूगोलाच्या तासाला राष्ट्रसंघ, इतिहासाच्या तासाला राष्ट्रसंघ, मुले दंगा करू लागली की वर्गात कौन्सिलची बैठक. मग १९३५ सालच्या पावसाळ्यात शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. त्यांनी पुढच्या बाकावरच्या पोराला विचारले, ‘‘सीना नदी कोणत्या नदीला मिळते?’’

पोरगे उभे राहिले, छाती काढली आणि खणखणीत बोलले, ‘‘साहेब, तो प्रश्न राष्ट्रसंघाकडे विचारासाठी आहे!’’

दिवाळीनंतर येऊ नका, असे शाळेने भीमाशंकरला कळवले.

आता हसायचे दिवस संपले. भाड्याच्या दोन खोल्या सुटल्या. बायको गिरिजाबाई हिचे वडील मडिवाळप्पा यांचे मंगळवार पेठेत भुसार दुकान होते, त्या दुकानाच्या माडीवर नवराबायको राहायला आली. माडीवर अर्ध्या जागेत मिरचीची पोती, उरलेल्या अर्ध्यात संसार. मडिवाळप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांना मुलगा नव्हता आणि जावयाला धंदा नव्हता. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता.

‘‘जावईबापू, गादीवर बसा. दोन वर्षांत तूर बघून सांगाल कुठल्या गावची. डोकं चांगलं हाय तुमचं, उगी जिनिव्हाला ठेवलंय.’’

‘‘मामा, थोडे दिवस द्या. पुस्तक लिहितोय.’’

‘‘लिवा की. कशावर?’’

‘‘अबिसीनियावर.’’

मडिवाळप्पांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. ‘‘तितं काय पिकतं?’’

‘‘कॉफी.’’

‘‘मग ठीक हाय,’’ असे म्हणून त्यांनी अक्षयतृतीयेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर गादी. मधल्या काळात एकच काम: रोज दुपारी गिऱ्हाइकांना मुंबईचा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. मडिवाळप्पांचे लिहिणेवाचणे सगळे कानडीत, आणि पेपर ऐकायला माणसे थांबली की जाताना मीठमिरची घेतातच.

भीमाशंकर थोडे दिवस मागत होता त्याला कारण होते. त्या मुंबईच्या पेपरच्याच संपादकांना त्याने अकरा पत्रे पाठवली होती. बाराव्याच्या आधी त्यांचे उत्तर आले. परराष्ट्रीय सदरासाठी माणूस हवा आहे, आपला ग्रंथ छापून झाल्यावर पाठवावा, निर्णय जूनअखेर, माणूस योग्य निघाल्यास सप्टेंबरात जिनिव्हाच्या बैठकीस धाडण्याचा विचार आहे.

धाडण्याचा! ते पत्र त्याने गिरिजाला तीनदा वाचून दाखवले. तिने मिरचीच्या पोत्याला टेकून ऐकले आणि विचारले, ‘‘तितं थंडी लई असते न्हवं?’’ दुसऱ्या दिवसापासून ती लोकरीचा गळपट्टा विणायला बसली. लोकर काळी, धनगरांकडची, घोंगडीला वापरतात ती. असा गळपट्टा घालून जिनिव्हात उतरलेला माणूस राष्ट्रसंघाने मेंढरांचा प्रतिनिधी म्हणून बसवून घेतला असता, पण भीमाशंकरला तो पाहून भरून आले.

ऑक्टोबरात इटलीची फौज अबिसीनियात शिरली होतीच. विमाने, रणगाडे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला भाले घेतलेली अनवाणी माणसे. त्या माणसांचा एक फोटो लंडनच्या साप्ताहिकात आला. भीमाशंकर तो किती तरी वेळ बघत राहिला. त्यातल्या एकाची उभे राहण्याची ढब त्याच्या ओळखीची होती. फक्त याच्या डोक्यावर टोपी शाबूत होती. त्याने ठरवून टाकले की ही माणसे जिंकणार. एकदा तरी कुठेतरी जिंकायलाच पाहिजेत. राष्ट्रसंघ त्यांच्या पाठीशी उभा राहणार, इटलीचे तेल बंद होणार, रणगाडे वाळूत रुतणार. पुस्तकाचे नाव ‘जिनिव्हाचा निवाडा’. पाचव्या प्रकरणाचा मथळा ‘अनवाणी फौजेचा विजय’. हे त्याने लिहिले तेव्हा लढाईला दीड महिनासुद्धा झाला नव्हता.

शिवशरणांनी पाच वर्षांच्या चहाला जागून पुस्तक छापायचे कबूल केले. आता छापखान्याची एक अडचण सांगितल्यावाचून पुढचे कळायचे नाही. तिथे खिळे म्हणजे छापायची शिशाची अक्षरे होती ती आठ पानांपुरतीच. आठ पाने जुळवायची, त्या फर्म्याच्या पाचशे प्रती काढायच्या, मग जुळवलेले सगळे मोडून एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा, तेव्हा कुठे पुढची आठ पाने. पुस्तक एकशेसाठ पानांचे, म्हणजे वीस फर्मे. जे छापले ते छापले. मागचे पान पुढे दुरुस्त करायची सोयच नव्हती.

खिळे जुळवणारा तिप्पण्णा. त्याच्यासारखा बिनचूक माणूस त्या गल्लीत नव्हता, आणि त्याला ते चांगले ठाऊक होते.

‘‘मास्तर, राष्ट्रसंघ कमी करा.’’

‘‘का रे?’’

‘‘ष्ट्र-चे खिळे चौदाच हायत. फर्म्यात पंधरावा राष्ट्रसंघ आला तर काय जोडू? माझं दात?’’

‘‘मग तिथं ‘जिनिव्हा’ घाल.’’

‘‘व्हय, त्याचं लई हाय माल.’’

पहिले तीन फर्मे नोव्हेंबरात झरझर निघाले. राष्ट्रसंघाने इटलीवर व्यापारबंदी घातली, भीमाशंकरचे पाऊल जमिनीवर पडेना. मग डिसेंबरात गड्ड्याच्या जत्रेची हँडबिले आली. सर्कस, सिनेमाचे तंबू, पाळणे. सगळे खिळे तिकडे. अबिसीनिया महिनाभर थांबला. मुसोलिनी थांबला नाही.

जत्रा संपली आणि लग्नसराईच्या पत्रिका सुरू झाल्या. भीमाशंकर रोज सकाळी छापखान्यात जाई आणि दारातूनच विचारी, ‘‘खिळे सुटले?’’

‘‘कुंभारीच्या पाटलाच्या लेकीत अडकल्यात,’’ तिप्पण्णा सांगे. ‘‘परवा सोडवतो.’’

परवा दुसऱ्या कुणाच्या लेकीत. मधूनअधून दोन-चार दिवसांची फट मिळे, तेवढ्यात एखादा फर्मा निघे. गावात जितकी लग्ने लागत तितका अबिसीनियाचा पाय मागे जाई. फेब्रुवारीत डोंगर इटलीच्या हाती गेले, मार्चअखेर अबिसीनियाच्या बादशहाची खाशी फौज मोडली. मुंबईचा पेपर ते सगळे रोज सांगत होता, आणि भीमाशंकर रोज दुपारी ते दुकानात मोठ्याने वाचत होता. वाचून झाले की तो छापखान्यात जाई आणि आपल्याच पुस्तकाचा तेरावा, चौदावा फर्मा तपासी, ज्यात सगळे अजून जिंकत होते.

एकदा शिवशरण म्हणाले, ‘‘मास्तर, पुढचं जरा बदलून लिहा की.’’

‘‘मागचं छापून झालंय. मागं जिंकले आणि पुढं हरले, असं कसं लिहू?’’

‘‘मग सगळं फेकून नव्यानं छापू?’’ शिवशरणांनी विचारले, आणि उत्तराआधीच त्यांचा चेहरा पडला. नव्याने म्हणजे आणखी सहा महिने. नवा कागदही नव्हता.

‘‘अजून हरले नाहीत,’’ भीमाशंकर म्हणाला. ‘‘राजधानी आहे. पावसाळा जवळ आलाय. पावसात रणगाडे चालत नाहीत.’’

सोलापूरच्या एप्रिलात उभे राहून हा माणूस पावसाची वाट बघत होता, तीही समुद्रापलीकडच्या.

अक्षयतृतीया आली. मडिवाळप्पांनी गादीवर नवी खोळ घातली आणि जावयाकडे पाहिले. गिरिजाच मध्ये पडली. ‘‘अप्पा, जूनपर्यंत.’’ मडिवाळप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले आणि खोळ काढून ठेवली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, दुकानात सात-आठ माणसे असताना भीमाशंकरने पेपर उघडला. पहिल्याच ओळीत होते की इटलीची फौज राजधानीत शिरली, बादशहा देश सोडून गेला. त्याने ती ओळ वाचली. पुढची वाचली नाही. पेपरची घडी घातली, ती मडिवाळप्पांच्या मांडीवर ठेवली आणि जिना चढून वर गेला.

‘‘काय झालं?’’ एका गिऱ्हाइकाने विचारले.

‘‘सोयरिकीतलं कुणी गेलं वाटतं,’’ दुसरा म्हणाला.

माडीवर सतरा फर्मे दोरीने बांधून भिंतीला लावलेले होते. पाचशे प्रती, एकशेछत्तीस पाने. पत्रा तापलेला, मिरचीचा खकाणा नाकात जात होता. भीमाशंकर त्या गठ्ठ्यांसमोर बसला. गिरिजा पाणी घेऊन आली, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्याने मिरचीकडे बोट दाखवले. तिने मान डोलावली आणि गळपट्टा हळूच पदराखाली घेतला.

तीन दिवस तो खाली उतरला नाही. एकदा त्याने काडेपेटी मागितली. गिरिजाने दिली नाही. एकदा म्हणाला, ‘‘मुंबईला कळवतो, पुस्तक झालं नाही म्हणून.’’ लगेच म्हणाला, ‘‘नाही कळवत.’’ जूनअखेरला सात आठवडे होते. पुस्तक नसेल तर जागा नाही. आणि हे पुस्तक असेल तर कुठल्या तोंडाने मागायची? पान उलटावे तिथे तो छातीठोकपणे काहीतरी सांगत होता आणि ते खोटे ठरले होते. भिंतीला लावलेले ते गठ्ठे म्हणजे त्याने स्वतः पाचशेदा सांगितलेली एकच थाप होती.

चौथ्या दिवशी तिप्पण्णाच जिना चढून वर आला. त्याला राजकारणाचे सोयरसुतक नव्हते. खिळे मोकळे झाले होते आणि त्याचे हात शिवशिवत होते.

‘‘मास्तर, शेवटचं तीन फर्मं ऱ्हायल्यात. शेवटच्या फर्म्यात शुद्धिपत्र घालावं लागतंय. पुस्तक म्हटलं की शुद्धिपत्र पायजेच, न्हायतर लोकांस्नी वाटतंय तपासलंच न्हाय. माझ्या चुका काढून द्या.’’

मराठी पुस्तकाच्या शेवटी अशुद्ध कोणते आणि शुद्ध कोणते याची यादी देतात, ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे आणि कुणीच वाचलेली नाही. भीमाशंकर तिप्पण्णाकडे बघत राहिला. मग त्याने पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली.

आठ दिवस तो पहिल्या पानापासून आपलेच पुस्तक वाचत होता. हातात दौत-टाक, पुढ्यात पाठकोरे कागद. कधी दातओठ खाई, कधी हसे, आणि ते हसणे ऐकून गिरिजा कामे टाकून जिन्यात येऊन उभी राही. अठराव्या-एकोणिसाव्या फर्म्यात त्याने काय झाले ते जसेच्या तसे लिहिले: तेल कुणी बंद केले नाही, इटलीने विषारी वायू सोडला, राष्ट्रसंघ बैठकी घेत राहिला. आणि विसाव्यासाठी यादी घेऊन छापखान्यात गेला.

तिप्पण्णाने कागद मोजले. ‘‘येवढं? किती चुका हायत?’’

‘‘दोनशे सहा.’’

तिप्पण्णाचा चेहरा पांढरा पडला. ‘‘आरं देवा. माझ्या दोनशे सहा?’’

‘‘तुझ्या चार. बाकी माझ्या.’’

तिप्पण्णाने चारी तपासून पाहिल्या, कबूल केल्या, आणि मग बाकीच्या वाचायला लागला. तो सहसा वाचत नसे, जुळवत असे.

‘पान ३, ओळ ११: राष्ट्रसंघ हे पाहत बसणार नाही, याऐवजी राष्ट्रसंघ हे पाहत बसला, असे वाचावे.

‘पान १९, ओळ २: इटलीचे तेल बंद होताच, याऐवजी काहीच वाचू नये.

‘पान ४७, ओळ ५: जिनिव्हाचे तळे, याऐवजी सिद्धेश्वराचे तळे. पाकोळ्या बरोबर आहेत.

‘पान ७४, ओळी १ ते ९: मूळ कागदास येथे कात्रीचे भोक होते. त्यात लेखकाने आपली इच्छा भरली आहे. ओळी गाळाव्यात.

‘पान ८८, ओळ ९: विषारी वायू सोडण्याची कोणाची छाती होणार नाही, याऐवजी झाली.

‘प्रकरण पाचवे, मथळा: अनवाणी फौजेचा विजय, यातील शेवटचा शब्द गाळावा.’

अशी आठ पाने. शेवटची, दोनशे सहावी नोंद अशी होती: ‘सर्वत्र: आमच्या जिनिव्हाच्या बातमीदाराकडून, याऐवजी सोलापुरात खिडकी लावून बसलेल्या एका माणसाकडून, असे वाचावे.’

तिप्पण्णाने कागद खाली ठेवले. मग खिळ्यांच्या खणावर हात फिरवत म्हणाला, ‘‘मास्तर, ह्यात मी एकबी चूक करणार न्हाय बगा.’’ आणि केली नाही.

शिवशरण कपाळाला हात लावून बसले. ‘‘स्वतःच्या हातानं स्वतःचं पुस्तक मारताय मास्तर. मुंबईवाले काय म्हणतील?’’

‘‘निदान खरं बोलतो म्हणतील,’’ भीमाशंकर म्हणाला. बुडत्या माणसाने फळी धरावी तशी त्याने ती आशा धरली होती. परराष्ट्रीय सदराला खरे बोलणारा माणूस नको का? या आशेवर त्याने पाच प्रती पुठ्ठ्यात बांधून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने मुंबईला पाठवल्या. गावात सात खपल्या. उरलेल्यांची रद्दी झाली असे तुम्हाला वाटेल, पण मडिवाळप्पांनी ती दुकानात उतरवू दिली नाही. ‘‘शिवशरणची शाई कच्ची हाय,’’ ते म्हणाले, ‘‘साखरंला लागती.’’

जून गेला. भीमाशंकर रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राही, आणि पोस्टमन दुरूनच हात हलवी. जुलैच्या पहिल्या तारखेला गादीला परत नवी खोळ चढली. या वेळी गिरिजा मध्ये पडली नाही. भीमाशंकर जाऊन बसला. तूर, मूग, मटकी शिकू लागला. तागडी उचलली की तो नकाशा बघावा तसा काट्यात डोळे घाली, आणि गिऱ्हाइके काट्याऐवजी त्याच्या तोंडाकडे बघत.

वीस जुलैच्या सुमारास कार्ड आले. ‘ग्रंथ पोचला. जागा भरली आहे. आपले शुद्धिपत्र येथे सर्वांस फार आवडले. त्यातील काही भाग आमच्या विनोदी सदरात घेत आहोत. हरकत नसावी.’

हरकत कळवायला त्याने कार्ड आणले. त्यावर तारीख घातली, ‘स. न. वि. वि.’ घातले. पुढचे सुचेना. कार्ड तसेच गल्ल्याखाली राहिले.

आठवड्यातच ती दुपार आली. दुकानात रोजची माणसे होती. मीठ न्यायला आलेली म्हाळसाबाई होती, जिऱ्यासाठी थांबलेली तानाबाई होती. भीमाशंकरने पेपर उघडला. पहिल्या पानावर स्पेन होते. तिथे आता आपापसात लढाई जुंपली होती. ती वाचून झाली. पान उलटले, आणि ‘गमतीची पाटी’ या सदरात, चौकटीत, ‘एक प्रामाणिक ग्रंथकार’. नाव नव्हते, गाव नव्हते. त्याने पान पुढे उलटायला हात उचलला.

‘‘ती चौकट ऱ्हायली की,’’ मडिवाळप्पा म्हणाले. मराठी अक्षर येत नसले तरी चौकट त्यांना बरोबर दिसे.

भीमाशंकरने घसा साफ केला आणि वाचले. पान ३, ओळ ११. दुकान खुदखुदले. तेलाच्या नोंदीला एकाने मांडीवर थाप मारली. कात्रीच्या भोकाला तर म्हाळसाबाई पदरात तोंड घालून हसली. मडिवाळप्पा, ज्यांना लग्नातसुद्धा कुणी हसताना पाहिले नव्हते, ते गदगदा हलत होते. डोळे पुसत म्हणाले, ‘‘अय्यो शिवा! कोण हो ह्यो येडा?’’

‘‘नाव दिलेलं नाही, मामा.’’

‘‘परत वाचा. पयल्यापासून.’’

जिन्याच्या वरच्या पायरीवर गिरिजा येऊन उभी होती. तिच्याकडे न बघता भीमाशंकरने परत वाचायला सुरुवात केली. शाळेत नकाशावर काठी ठेवून वाचायचा त्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द तोडून. माणसे परत हसली. चौकट पाचव्या प्रकरणाच्या मथळ्यापाशी संपत होती. शेवटची नोंद मुंबईवाल्यांनी घेतली नव्हती. तिच्यात त्यांना गंमत दिसली नसावी. भीमाशंकरने पेपर खाली केला आणि न बघता पुढे म्हटले:

‘‘सर्वत्र. आमच्या जिनिव्हाच्या बातमीदाराकडून, याऐवजी सोलापुरात खिडकी लावून बसलेल्या एका माणसाकडून, असे वाचावे.’’

कुणी हसले नाही. माणसे एकमेकांकडे, मग पोत्यांकडे बघू लागली. म्हाळसाबाईने पदर तोंडावरून काढला. मडिवाळप्पांनी पेपर ओढून घेतला, चौकटीवरून बोट फिरवले.

‘‘हे हितं छापलंय?’’

‘‘नाही.’’

मडिवाळप्पांनी जावयाकडे पाहिले, वर जिन्याकडे पाहिले. पेपरची घडी घातली. ती रोज पुड्यांच्या रद्दीत जाई. आज त्यांनी ती गादीखाली सरकवली. काय बोलायचे असते अशा वेळी ते भुसार धंद्यात कुणी शिकवत नाही.

सगळ्यांची सुटका करावी म्हणून की काय, मघाच्या मांडीवर थाप मारणाऱ्यानेच विचारले, ‘‘बरं मास्तर, ते स्पेनात काय होनार वो? कोन जिकनार?’’

भीमाशंकरने तागडी उचलली. एका पारड्यात पावशेराचे माप ठेवले, दुसऱ्यात जिरे सोडले. काटा हलत होता. तो स्थिर होईपर्यंत त्याने वाट पाहिली.

‘‘ठाऊक नाही,’’ तो म्हणाला.

सहा वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून गावाने पहिल्यांदा ऐकले. विचारणारा ओशाळला, ‘‘ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या,’’ म्हणत उठला. वर जिन्यात पायरी वाजली. गिरिजा आत गेली होती.

‘‘मास्तर,’’ तानाबाई पिशवी पुढे करत म्हणाली, ‘‘चिमूटभर वर घाला की. लांबनं आलीया मी.’’